गाडी आणखी कोण चालवणार?

४ फेब्रुवारी

बटण्या,

मी पुन्हा गाडी घेतेय.

मागची पत्रं न फोडताच परत आली. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'नको' लिहिलेलं. म्हणून या वेळी पाकिटाच्या मागे बाबांचं नाव घातलंय. पत्र माझंच आहे. फोडून बसला असशील तर आता वाचून टाक. अर्धवट वाचलेलं पत्र आणि अर्धवट उकडलेला बटाटा, दोन्ही पोटात दुखतात. तुझ्याआधी हे वाचणाऱ्या तिथल्या साहेबांनाही नमस्कार. आज नुसतं विम्याचंच आहे, साहेब, लवकर सुटाल.

गाडी आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंची. त्यांनी नवी घेतली, जुनी मला देतायत, पगारातून थोडं थोडं कापून. करड्या रंगाची आहे, मागच्या दाराला पोचा आहे. मी आता काउंटरवर बसते. रक्ताचे नमुने घ्यायला घरोघरी जात नाही. तुला शिक्षा झाली त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी विकून टाकली आणि लायसन कपाटात कपड्यांखाली सारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमा काढल्याशिवाय किल्ली देणार नाही. म्हणून गेले. ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची खोली, पंखा एक आणि टेबलं चार. चष्मा लावलेली एक मुलगी समोर बसली होती, तुझ्यापेक्षा लहानच असेल.

"याआधी गाडी होती का, काकू?"

"होती. बरीच वर्षं. मागच्या सीटवर बर्फाचा डबा आणि त्यात लोकांचं रक्त."

ती दचकली. मग मी काम सांगितलं तेव्हा हसली. "क्लेम कधी घेतला होता?"

"नाही."

"कधीच नाही? साधा आरसा फुटला, ओरखडा गेला...?"

"आरसा एकदा बैलाने फोडला. त्याच्याकडून काय भरून घेणार!"

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काकू, मग तुम्ही शून्यापासून का सुरू करताय? तुमचा नो क्लेम बोनस आहे की."

मला वाटलं होतं, गाडी विकली तसा बोनसही गेला. तिने समजावलं, बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी गेली तरी तो आपल्या नावावर राहतो. जुन्या कंपनीकडून दाखला आणायचा आणि जुना विमा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावायचा. हप्ता निम्म्यावर येतो. "पण मार्च उलटला तर मात्र इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात," म्हणाली.

बाहेर रस्त्यावर आले आणि मला तिथेच कठड्याला टेकून उभं राहावं लागलं. बोनसचा आनंद नव्हता तो. माझ्या हातून कुणाला इजा झाली नाही, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं आणि तीन वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

बाबा बरे आहेत. पाय जरा धरलाय, म्हणून बसने यायला जमत नाही. बाकी काही नाही.

आई


१९ फेब्रुवारी

बटण्या,

पत्र परत आलं नाही. वाचलंस की फाडलंस, देव जाणे. परत आलं नाही एवढ्यावर मी पुढचं लिहितेय.

बाबांचा पाय धरलाय असं लिहिलं होतं. त्यांना अर्धांगाचा झटका आलाय. थंडीच्या सुरुवातीला, दुकानात कापड बेततानाच. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलतात, पण तोंडात कापूस कोंबून बोलावं तसं. डॉक्टरांना कळत नाही, शेजाऱ्यांना कळत नाही. मला कळतं. तुझं नाव घेतात तेव्हा 'अटया' असं येतं. दिवसातून किती वेळा येतं ते सांगत नाही.

तुला हे कळवायचं नव्हतं मला. आत बसून तू काय करणार होतास?

पण गाडी कशाला, हे कळायचं तर ते सांगायलाच हवं. गेल्या महिन्यात आम्ही तुला भेटायला निघालो होतो, टॅक्सी करून. बाबांना दाढी करून दिली, निळा शर्ट घातला. निम्म्या वाटेवर ते मला काहीतरी सांगायला लागले. मला कळलं. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा थांबवा. तो म्हणाला, इथे हमरस्त्यावर नाही थांबता येत, पुढे पंप आहे. पंप येईपर्यंत व्हायचं ते झालं.

त्याने आम्हाला उतरवलं. मला फडकं दिलं आणि सीट पुसायला लावली. त्याच्या जागी मीही कदाचित चिडले असते. पण तो बाबांच्या तोंडावर म्हणाला, "असल्या माणसाला घराबाहेर काढता कशाला?"

बाबा पंपाच्या खांबाला टेकून त्या सीटकडे बघत होते. लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्या माणसाचा जन्म गेला. ग्राहकाची गाडी दुकानात आली की आधी स्वतःचे हात धुवून यायचे, आठवतंय?

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री जेवले नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा एकच बोलले, "परक्याच्या गाडीत बसणार नाही."

म्हणून गाडी.

आई


११ मार्च

बटण्या,

जुन्या कंपनीचा दाखला मिळाला. चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला म्हणाले, इतकं जुनं आमच्याकडे नसतं. शेवटच्या खेपेला मी डबा घेऊन गेले आणि त्यांच्या बाकावर बसून जेवायला सुरुवात केली. मग सापडलं.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

विम्याचा अर्ज मी घरी आणला होता. बाबांना प्रत्येक कागद वाचून दाखवायला लागतो, पहिल्यापासूनच. वाचता वाचता एक रकाना आला, 'याशिवाय गाडी आणखी कोण चालवणार?' मी पुढे जायला लागले तर बाबांनी चांगल्या हाताने कागद दाबून धरला.

"अटया," म्हणाले.

"तो कुठे आहे चालवायला?"

"सुटेल. जुलैत सुटेल. अटया घाल."

दुसऱ्या दिवशी मी त्या चष्मेवालीला विचारलं. मुलगा आहे, म्हटलं. कुठे असतो, तिने विचारलं. मी सांगितलं. गाडीखाली एक बाई गेली, तो थांबला नाही, शिक्षा झाली. तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. मग हळूच म्हणाली, "काकू, नाव घातलंत तर कंपनी बोनस धरणार नाही. हप्ता पार वर जाईल. तुम्हाला झेपणार नाही."

"मग नको," मी म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

घरी बाबांना बोनसचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "बोनस मोठा की पोरगा?" आणि रडायला लागले. आता ते रडतात तेव्हा अर्धाच चेहरा रडतो, दुसरा तसाच राहतो. मला बघवेना. मी म्हटलं, "बरं. घातलं नाव." त्यांना बारीक अक्षरं आता दिसत नाहीत. मी कागदावर बोट ठेवलं, इथे बघा, म्हटलं. त्यांनी त्या जागेवर हात फिरवला.

नाव घातलेलं नाही, बटण्या. आणि बाबांना जे कारण सांगितलं ते तुला सांगणार नाही. बोनस हे निमित्त झालं. फुकट घालून दिलं असतं तरी मी तुझं नाव त्या रकान्यात लिहिलं नसतं.

त्या संध्याकाळचं आपण कधी बोललोच नाही. तू शोरूमची नवी गाडी घेऊन दुकानाच्या शेडमध्ये शिरलास तेव्हा मी बाबांसाठी चहा घेऊन आले होते. तुझा चेहरा मी पाहिला. समोरचा दिवा फुटला होता. बाबांनी काही विचारलं नाही, नुसती ताडपत्री ओढली गाडीवर. तू नळ सोडलास. मग पोलीस आले, आणि बाबा म्हणाले, ही गाडी दुपारपासून इथेच आहे, सीट कव्हरला आलीय. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कपबश्या होत्या.

मी म्हटलं, "आत्ता आली."

एवढंच. त्यावर तू कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणालास की मला आई नाही. बाबा पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायचे. एकदाच म्हणाले, "गप्प बसली असतीस तर आभाळ कोसळणार होतं का?"

ती बाई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. पाळी संपवून घरी चालली होती. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की ती बराच वेळ जिवंत होती. तू तेव्हा खाली बघत होतास. मी जन्मभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलंय. माणसाच्या अंगातून रक्त जायला किती वेळ लागतो आणि थांबवायला किती थोडं लागतं, ते मला कुणी सांगायला नको.

तू वाईट नाहीस. तू घाबरलास. पण घाबरल्यावर तू काय करतोस ते मी पाहिलंय. उद्या तू घरी येशील, किल्ली मागशील, आणि मी नाही म्हणेन. ते म्हणायची ताकद माझ्यात राहावी म्हणून तो रकाना कोरा ठेवला.

हे वाचून पत्रं पुन्हा परत करायला लागलास तर समजेन मी.

आई


२ एप्रिल

बटण्या,

मार्च संपायला दोन दिवस असताना विमा झाला. बोनस मिळाला. चष्मेवालीने मला पेढा द्यावा तसा कागद दिला.

गाडी दारात आल्यावर बाबांना खुर्चीसकट बाहेर आणलं. त्यांनी पुढच्या सीटवर हात ठेवला, शिवण चाचपली आणि तोंड वाकडं केलं. म्हणजे आहे त्याहून वाकडं. "कच्ची शिलाई," म्हणाले. झालं! मग दुकानातून सुई आणि मेणाचा दोरा आणवला. ते खुर्चीत बसून सांगणार आणि मी आत वाकून शिवणार. "आतून. आतून घे. बाई, पोतं शिवतेस का!" तीनदा उसवायला लावलं. माझ्या बोटाची चाळण झाली. पण झटक्यानंतर त्यांना इतकं मोठ्याने ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सीटवर मी रबरी कापड घातलं, त्यावर टॉवेल. ते म्हणाले, "मी काय गळकं पिंप आहे?" मग आपणच बसले.

चालवायला भीती वाटली. गल्लीतून बाहेर पडताना एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी इतक्या लांबून ब्रेक दाबला की मागचे हॉर्न मारायला लागले. ती पलीकडे गेली तरी मी थांबूनच होते. मग बाजूला बसलेल्या बाबांनी चांगला हात उचलून गियरवरच्या माझ्या हातावर ठेवला. त्या संध्याकाळपासून त्यांनी मला आपणहून हात लावला नव्हता. काळजी घेताना मी लावायचे, ते वेगळं.

तुमच्या फाटकावर पोचलो. बाबांना गाडीतच बसवून मी आत नाव द्यायला गेले. शिपाई आत जाऊन आला. म्हणाला, "नाही म्हणतो."

"त्याचे वडील आलेत म्हणून सांगा."

"सांगितलं, बाई."

बाहेर आले. उन्हाने गाडी तापली होती, बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते शर्टाचं वरचं बटण एका हाताने लावत होते. मी म्हटलं, "आज भेटीचा वार नव्हता. माझंच चुकलं." त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "पुढच्या वेळी नीट विचारून ये."

आई


२९ एप्रिल

बटण्या,

तू आलास. जाळीच्या पलीकडे तुला पाहिलं आणि मला तुझी मापं घ्यावीशी वाटली, इतका वाळलायस.

तू उठून गेलास, त्यामुळे बाबा शेवटी काय बोलत होते ते तुला कळलं नाही. ते लिहिते. पण आधी मधलं लिहायला हवं.

बाबा जाळीला तोंड लावून तुला सांगत होते आणि तू मला विचारलंस, "काय म्हणतायत?" तीन वर्षांत तू माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी सांगितलं, "गाडी घेतलीय म्हणतायत. विम्याच्या कागदावर तुझं नाव घातलंय. सुटलास की तुलाच चालवायचीय."

तू बाबांकडे बघितलंस. ते हसत होते, अर्ध्या तोंडाने. मग तू माझ्याकडे वळलास आणि शांतपणे विचारलंस, "घातलंयस?"

बाबाही माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "हो."

तू म्हणालास, "येतं की तुला खोटं बोलता." आणि उठलास.

त्या क्षणी मला कळलं की तू माझी सगळी पत्रं वाचलीस. कुठल्याही आईला आनंद व्हावा अशी ती गोष्ट. मला तिथल्या बाकावरून उठता येईना.

बाबांना तुझं बोलणं ऐकू गेलं की नाही, गेलं तर त्याचा अर्थ लागला की नाही, मी विचारलं नाही. ते तू गेलास त्या दाराकडे बघत मोठमोठ्याने एकच वाक्य म्हणत राहिले. शिपायाला वाटलं, त्यांना काही होतंय. ते म्हणत होते, "बारीक झालाय, त्याला खायला काय देतात विचार."

मी विचारलं. ठीक देतात म्हणाले.

आई


२२ जून

बटण्या,

तुझं पत्र मिळालं. 'बाबांचं कळलं. न्यायला येऊ नकोस.' एवढंच असलं तरी पाकीट तुझ्या अक्षरातलं होतं, मी ते फोडायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसले.

बाबा दुसऱ्या झटक्यात गेले. दुपारी, दवाखान्यात नेता नेता. गाडी मीच चालवत होते. ते पुढच्या सीटवर होते, पट्टा लावलेला, डोकं माझ्या बाजूला कललेलं. मी सिग्नलला थांबले होते तेव्हा ते गेले असावेत, कारण हिरवा झाल्यावर मी त्यांना काहीतरी म्हटलं आणि त्यांनी ओ दिली नाही. मागचे हॉर्न मारत होते. मी गाडी कडेला घेतली, दिवा दिला, हात दाखवला, सगळं रीतसर केलं. मग त्यांची नाडी पाहिली.

अंत्यविधीसाठी तुला काही तास बाहेर सोडायला तिथले साहेब तयार होते. अर्जावर तू सही केली नाहीस असं मला फोनवर सांगितलं. शेजारचे विचारत होते, मुलगा? मी म्हटलं, त्याला मिळाली नाही परवानगी. आता इतकं सराईतपणे येतं मला.

पण तुझ्या त्या वाक्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. दोन महिने ते मी ताटावर, काउंटरवर, अंथरुणात घोळवतेय.

हो, येतं मला खोटं बोलता. तुझ्या बाबांशी बोलले आणि ते त्या खोट्यावर विसावून गेले, त्याचा मला पस्तावा नाही. त्या खोट्याखाली कोणी रस्त्यात पडलेलं नव्हतं. तुझ्यासाठी बोलले असते तर एक बाई त्याखाली कायमची दबली असती, आणि तूही. तुला हे पटणार नाही. पटावं म्हणून लिहीतही नाही. तू आत गेलास त्या रात्री तुझ्या उशीत तोंड खुपसून मी ओरडले होते, हे मात्र तुला कधी सांगितलं नव्हतं. हवालदाराने मला पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं, आणि पुन्हा तशीच ओरडले असते.

दुकान बंद केलं. शिलाईचं यंत्र विकलं नाही. तुला हवं असेल तर आहे, नसेल तर बघू. तुझी खोली झाडून घेतलीय. गाडीची किल्ली माझ्याकडे राहील, आणि रकाना या वर्षी कोराच राहील. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

न्यायला येऊ नकोस म्हणतोस. मी येणार. तुमच्या फाटकापासून बसच्या फाट्यापर्यंत सावलीला एक झाड नाही, आणि रस्त्याला कडेने चालायला जागाही नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. मी सकाळपासून फाटकासमोर गाडी लावून बसेन. बसावंसं वाटलं तर पुढचं दार उघडं असेल. नाही वाटलं तर तू चाल. तुला हाक मारणार नाही, हॉर्न वाजवणार नाही. फाट्यापर्यंत, तू बसमध्ये चढेपर्यंत, तुझ्यामागून पहिल्या गियरमध्ये येईन, मागचे दोन्ही दिवे लुकलुकत ठेवून, म्हणजे मागून येणाऱ्यांना दिसेल की पुढे माणूस चाललाय.

आई